पीळ

बेल्परला, बंद सूतगिरणीच्या मागे
रॉय ऑलरेन्शॉच्या वर्कशॉपमध्ये
माझी ट्रायम्फ उभी आहे, डॅशबोर्ड उघडा टाकून,
दातांच्या डॉक्टरपुढे आ करून बसावं तशी.
एकोणीसशे बहात्तरची. रंग जांभळाच्या सालीचा.
डार्बीच्या इस्पितळातले
चौदा महिन्यांचे शनिवार-रविवार मी हिच्यात ओतले.
लोक म्हणाले, घरावर कर्ज असताना?
घराचं घर बघेल, म्हटलं.

मनापासून सांगितलं तरच वळायची.
पार्किंगमध्ये तर पाट्यावर पुरण वाटावं तशी,
दोन्ही खांदे लावून.
मला ते आवडायचं.
रस्ता तळव्यांत यायचा:
खडी, ओल, कुरणाच्या तोंडाशी टाकलेले लोखंडी पाइप,
मेंढ्या नुकत्याच गेल्याचा चिखल.

मग उजवा खांदा गोठला.
एकतीस वर्षं मी दुसऱ्यांचे खांदे फिरवले.
आता माझीच बोटं भिंतीवर चढत चढत
खिडकीच्या कडेशी अडकून राहिली.

रॉयने इल्केस्टनच्या भंगारातून
एका कोर्साचा स्टिअरिंग कॉलम आणला, चाळीस पौंडांना.
त्याच्या पोटाशी मोटर, करडी, नारळाएवढी.
"बाहेरून दिसणारसुद्धा नाही, डक."
इथे सगळ्यांनाच डक म्हणतात. बदकाचा काही संबंध नाही.
जुना दांडा कापताना मी बांधावर जाऊन उभी राहिले,
नदीचा एवढा आवाज, तरी करवत ऐकू आलीच.

नंतर त्याने दाखवलं.
आत एक बारीक सळई असते.
चाक फिरवलं की तिला पीळ बसतो, जेमतेम केसाएवढा,
आणि तेवढ्यावरून मोटरीला कळतं
कुठे वळायचंय, किती जड जातंय.
पीळ दिला नाही तर ती ढिम्म.
आधी आपण. मग ती.

मला हसू आलं.
खाणीतून निवृत्त झालेल्या मिस्टर क्रॅडकना
दर मंगळवारी मी दुसरं काय सांगत होते?
तुम्ही करा जमेल तेवढं,
उरलेलं माझा हात करील.

शेवटी एक काळी डबी बसवली, काडेपेटीएवढी.
मोटर वेग ऐकून मदत ठरवते,
आणि माझ्या म्हातारीला वेग सांगायची जीभच नाही.
म्हणून डबी खोटं बोलते.
बटण फिरवा: उभ्या गाडीत सत्तर मैल.
वेग जास्त सांगितला की मदत कमी.

शाल्मली ब्रिस्टलहून रविवारी फोन करते.
जिना चढतेस ना नीट? झोप लागते?
सत्तर, असंच काहीतरी सांगते मी. सत्तर.

काल विनॅट्स पासला गेले.
रॉयने माझं वय बघून बटण तळाला ठेवलेलं.
गाडी एका बोटावर वळली. एका बोटावर!
आणि घशाशी आवंढा आला, आनंदाचा नव्हे.
तळव्यांत काहीच येत नव्हतं,
ना खडी, ना ओल.
एखाद्या शहाण्या पाहुणीसारखी
मी म्हणेन तिकडे निघाली होती ती.

थांबले. खोटा वेग वाढवला.
पुढच्या वळणाला आणखी थोडा.
चाळीसच्या पुढे कुठेतरी खडी परत आली,
मग ते पाइप, दडदडदड,
आणि खांद्यात एक कळ, लहानशी, ओळखीची.
असू दे तेवढी.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आई म्हणायची,
माझ्याकडे बघून, आणि कौतुकाने तर नाहीच.

रॉयचं बिल फ्रीजवर लावलंय:
सहाशे दहा, फ्यूज फुकट.
आज रविवार. फोन वाजतोय.
"बरी आहेस?"
पन्नास, मनात म्हणते. मग चाळीस.
"अगं, लोणच्याची बरणी उघडत नाहीये,
बुधवारपासून."
"कुठली, लिंबाची?"